हरलेल्यांच्या आठ खुर्च्या

मॉरिशसच्या मतदाराला एक नाही, तीन मतं असतात, आणि तिन्ही द्यावीच लागतात. दोनच फुल्या मारल्या तर मतपत्रिका बाद. मुख्य बेटावर 20 मतदारसंघ, प्रत्येकी तीन खासदार. रॉड्रिग्स बेटाचे आणखी दोन. झाले 62. मतदारसंघ तिथे आकड्यानेच ओळखतात. ‘पाच नंबर’ म्हटलं की त्रिओले गाव आणि रामगुलाम घराणं.

*

तिन्ही फुल्या एकाच आघाडीला पडत गेल्या की विरोधक पुसून निघतो. 1982, 1995 आणि 2024 : तीनदा मुख्य बेटावर 60 विरुद्ध शून्य. 1982 ला तर देशाचे पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम स्वतःच्या पाच नंबरातच पडले. आणि ज्यांनी त्यांना पाडलं, त्यांचं सरकार नऊ महिन्यांत फुटलं. समोर भांडायला कोणी नसलं की माणसं आपसात भांडतात.

*

आता खरी गंमत. सभागृहात आणखी आठांपर्यंत खुर्च्या हरलेल्यांसाठी असतात. नावही आडपडदा न ठेवणारं : ‘बेस्ट लूझर’. निकालानंतर ज्या जमातीला लोकसंख्येच्या मानाने कमी जागा मिळाल्या, तिच्यातल्या चांगली मतं घेऊन हरलेल्याला आत घ्यायचं. पहिल्या चार खुर्च्या पक्ष न पाहता. उरलेल्या वाटताना निकालातलं पक्षांचं पारडं बदलणार नाही हे बघून.

त्यासाठी उमेदवाराने अर्जातच जमात लिहायची. रकाने चार : हिंदू, मुस्लिम, चिनी आणि ‘जनरल पॉप्युलेशन’. जो आपल्या राहणीवरून पहिल्या तिनांतला वाटत नाही तो चौथ्यातला, अशी घटनेतलीच व्याख्या. त्यामुळे गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांचे वंशज आणि त्या गुलामांच्या फ्रेंच मालकांचे वंशज एकाच रकान्यात नांदतात!

*

मराठी माणूस कुठे? ‘हिंदू’त. तमिळ, तेलुगूही तिथेच. एरवी मॉरिशसमध्ये मराठी ही वेगळी ओळख आहे : स्वतःच्या संस्था, शाळेत मराठी विषय, गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी. तिकिटं आणि मंत्रिपदं वाटताना पक्षही ती ओळख विसरत नाहीत. पण खुर्च्यांच्या हिशेबात ती विरघळते. हिंदूंच्या जागा सहसा आधीच भरलेल्या, तेव्हा हरलेल्या मराठी उमेदवाराने या दाराकडे फारशा आशेने पाहू नये.

*

जमातींचं हे गणित 1972 च्या जनगणनेवर चालतं. पुढच्या जनगणनांत जमातीचा प्रश्नच काढून टाकला. लोकांना जमातीने मोजायचं नाही असं ठरलं. जागा मात्र जुन्या मोजणीवरच. 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने ठपका ठेवला, 2014 मध्ये त्या वर्षीच्या निवडणुकीपुरती जमात न लिहिण्याची मुभा दिली गेली. व्यवस्था तशीच राहिली. मला यात आळसापेक्षा धास्ती जास्त दिसते. आज नव्याने मोजलं तर काय निघेल, हे कोणालाच बघायचं नाही.

*

ऑक्टोबर 2024. चोरून ध्वनिमुद्रित केलेले फोन ‘मिसी मुस्तास’, म्हणजे मिशीवाले साहेब, अशा टोपणनावाने बाहेर येऊ लागले. नोव्हेंबर लागताच सरकारने समाजमाध्यमांवर बंदी घातली आणि दिवसभरातच मागे घेतली. 10 नोव्हेंबरला मतदान झालं, पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ गेले, नवीन रामगुलाम आले. तेव्हा विरोधी पक्षनेते झालेले जो लेजोंगार हे ‘बेस्ट लूझर’ म्हणून सभागृहात आलेले. ही तरतूद नसती तर त्या खुर्चीवर बसायला रॉड्रिग्सचे दोघेच उरले असते. शिव्या घालण्याआधी हेही लक्षात ठेवावं लागतं.

*

1968 पासून 2024 पर्यंत पॉल बेरांजे यांची पावणेदोन वर्षं सोडली, तर पंतप्रधानपद रामगुलाम आणि जगन्नाथ या दोन घरांतच फिरत राहिलं. 2017 मध्ये अनिरुद्ध जगन्नाथांनी खुर्ची सोडली आणि निवडणुकीशिवाय मुलगा प्रविंद बसला. आपल्याकडच्या वाचकाला याचं नवल वाटू नये.

*

1992 ला मॉरिशस प्रजासत्ताक झालं, राष्ट्रप्रमुखपदावरून ब्रिटनची राणी गेली, राष्ट्रपती आले. शेवटचं अपील मात्र अजून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडेच जातं.

*

जमातींचा हिशेब निवडणुकीपुरता थांबत नाही. 1998 मध्ये नव्या नोटा निघाल्या. त्यांवर तमिळ मजकूर हिंदीच्या खाली गेला होता. आधी तो वर असे. तमिळ समाज रस्त्यावर उतरला. नोटा मागे घेतल्या, आणि क्रम पूर्ववत करून पुन्हा छापल्या.