कायफंगचा काशाचा माणूस

कायफंग म्हणजे चीनच्या सोंग राजांची जुनी राजधानी. इथंच १०२७ साली वांग वेई-यी या वैद्यानं माणसाएवढे दोन काशाचे पुतळे घडवून घेतले. अंगभर सुया टोचण्याच्या जागी छिद्रं. परीक्षेला वरून मेण फासायचं, आत पाणी भरायचं. सुई नेमकी बसली तरच पाणी बाहेर!

या जागा जोडणाऱ्या बारा मुख्य वाहिन्या मात्र शवविच्छेदनात नळीसारख्या दिसत नाहीत. दिसतो तो स्नायूंमधला पांढरा पापुद्रा, संत्र्याच्या फोडींवर असतो ना, तसा. २००२ साली अमेरिकेत मृतदेहाच्या हाताचे काप तपासले, तेव्हा हातावरच्या सुमारे ८० टक्के जागा अशा पापुद्र्यांवर निघाल्या. एवढ्यानं वाहिन्या सिद्ध होत नाहीत. पण त्या वैद्यांची बोटं जाणती होती खरी. तरी ‘वाहिनी अडलीय’ म्हणत कुणी सुई उचलली, तर आधी डॉक्टरांना दाखवा हं!