अंगठा, तर्जनी आणि रीळ

सियाचीनहून ओडिशातल्या गोपाळपूरला बदली झाली, तेव्हा हिमदंशाने माझ्या उजव्या अंगठ्याची जाणीव गेलेली होती. सामानात जुनं मल्टिप्लायर रीळ होतं. फेकताना त्याची फिरकी स्वतः फिरते. ती अंगठ्याने आवरली नाही, तर तंगुसाचा गुंता ठरलेला. पहिल्या संध्याकाळी तीनदा फेकलं, तिन्ही वेळा गुंता. आपलं गरवणं संपलं, असंच वाटलं.

मग स्पिनिंग रीळ घेतलं. याची फिरकी फेकताना स्थिर असते, दोरी तिच्या कडेवरून वेटोळ्यांनी सुटते. तर्जनीत दोरी धरायची, बेल उघडायची, फेकताना नेमकी सोडायची. अंगठ्याला काम नाही. अंधार असो, समोरचा वारा असो, गुंता क्वचितच.

तोटेही आहेत. दोरीला पीळ पडतो. जड शिसं जोरात फेकलं तर बारीक विणलेली दोरी बोट कापते. बोटाला चिकटपट्टी हवीच. मोठा मासा ओढायला मल्टिप्लायरचा जोर जास्त. आणि वाळू! एकदा रीळ वाळूत पडलं, वरवर पुसून पिशवीत टाकलं. पुढच्या खेपेला मोठा मासा लागला, ड्रॅग अडकला, दोरी तटकन तुटली.

रायफल रोज साफ करणारा मी, रीळ गोड्या पाण्याने धुवायला विसरलो होतो. आता ड्रॅग घट्ट करून धुतो, वाळल्यावर सैल करून ठेवतो.

बर्फात बोटं गमावलेल्या मित्रांनो, समुद्र सोडू नका. फक्त रीळ बदला.