आरोपी क्लोरीन, गुन्हेगार दुसराच

फिशटँकचं पाणी बदललं आणि संध्याकाळपर्यंत मासे उलटे झाले, की हदगावात काय नि नांदेडात काय, निदान एकच: नळाला ब्लीचिंग जास्त होती. माझ्या मते हा आरोप बरेचदा चुकीचा असतो. क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो, यात वाद नाही. पिण्याच्या पाण्यात तो लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम उरावा असं आयएस 10500 हे मानक सांगतं, आणि टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर हाताने कालवली जाते तिथे एखाद्या दिवशी प्रमाण चढणारच. पण त्याचा बंदोबस्त सोपा आहे. ओटीच्या (ऑर्थोटोलिडिनच्या) थेंबांनी पाणी किती पिवळं होतं त्यावरून क्लोरीन कळतो (तपासलेलं पाणी टँकमध्ये ओतू नये). दुकानातलं अँटिक्लोरीन म्हणजे बहुधा सोडियम थायोसल्फेट, जुन्या फोटो स्टुडिओतला हायपो. 1 मिलिग्रॅम क्लोरीनला त्याचे साधारण 7 मिलिग्रॅम स्फटिक लागतात. लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन असेल, तर 20 लिटरच्या बादलीला 70 मिलिग्रॅम पुरतात. चिमूटही मोठी होईल.

खरी गडबड टँकमध्येच शिजत असते. महिनोन्‌महिने पाणी बदललं नाही की जिवाणूंच्या कामात पाण्याची क्षारता खर्च होते आणि सामू घसरतो. अशा पाण्यात माशांनी टाकलेला अमोनिया जवळजवळ सगळा अमोनियमच्या रूपात, फारसा त्रास न देता पडून राहतो. 25 अंशांना सामू 7 असेल तर त्यातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो; सामू 8 झाला की तोच वाटा 5 टक्क्यांवर जातो. आता आपल्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी आठवा: कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट भरपूर. अर्धा टँक उपसून ते ओतलं, की जुनीच घाण काही मिनिटांत विष होते. यात क्लोरीनचा थेंबही नसतो. म्हणून आधी टँकचा सामू मोजावा, मग नव्या पाण्याचा. तोही रात्रभर एअर पंप लावून, कारण बोअरच्या ताज्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडाला की सामू वर सरकतो. फरक मोठा असेल तर एका वेळी दहावा हिस्साच बदलावा.

शिळं पाणी वापरलं की झालं, असं म्हणणारे अर्धे बरोबर आहेत. उघड्या टबातला मुक्त क्लोरीन उडून जातो. झाकलेल्या ड्रममधला सहज उडत नाही, आणि जडपणा कुठेच जात नाही. दुसरे आरओ सुचवतात. निव्वळ आरओच्या पाण्यात सामू धरून ठेवणारे क्षार उरत नाहीत. शिवाय घरगुती यंत्र जेवढं पाणी देतं त्याहून जास्त बहुधा मोरीत सोडतं. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या मराठवाड्यात मला ते पटत नाही. निऑन टेट्रासाठी आरओचं पाणी थोडं मिसळावं, मोलीसाठी अजिबात नको. गप्पी तर गटारातही जगतात, हा आक्षेपही येतो. जगतात खरे, हिवताप रोखायला ते हौदांत सोडलेही जातात; पण ते त्या पाण्याला हळूहळू सरावलेले असतात, आणि जड पाणी त्यांना मानवतंच. धोका पाण्याचा उगम अचानक बदलतो तेव्हा असतो. एप्रिलमध्ये नळ बंद होऊन टँकर सुरू झाला, की तो कुठल्या विहिरीवर भरला हे विचारून घ्यावं आणि पहिले काही दिवस तांब्या-तांब्यानेच पाणी घालावं.