एक किल्ली, पंधरा कुलुपं

"सध्या काय चाललंय?" असं मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारलं आणि मी "एका छोट्या ऑफिसचं सिंगल साइन-ऑन" असं म्हटलं, की आयटीवाली निम्मी मंडळी म्हणतात, "हात्तिच्या, दोन दिवसांचं काम!" उरलेली निम्मी विषय बदलतात. म्हटलं, स्मरणिकेत लिहून टाकावं.

ऑफिस आमच्या न्यू जर्सीतलंच, लोकांचे टॅक्स भरून देणाऱ्या अकाउंटंटचं. माणसं चौदा आणि प्रत्येकाला पासवर्ड एकोणीस. 2023 च्या पानगळीत मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथल्या ऑफिस मॅनेजर बाईंनी खणातून एक हिरवी वही काढली. तीस वर्षं त्या तिथे होत्या. वहीत सगळ्यांचे पासवर्ड, तेही पेन्सिलीनं. "दर तीन महिन्यांनी खोडावे लागतात ना," त्या म्हणाल्या. मला एकदम साताऱ्याची आजी आठवली. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि लाडवाच्या डब्यापर्यंत पोचायचं तर तिच्याकडूनच जायचं. आयटीवाल्यानं अशी वही बघितली की कपाळाला हात लावायचा असतो. मी लावला. "आता याची गरज पडणार नाही, तुमचा त्रास वाचेल," असंही म्हणालो. त्या नुसत्या हसल्या.

ही कल्पना तशी जुनीच. एमआयटीत 1983 साली सुरू झालेल्या अथेना प्रकल्पातून कर्बेरॉस ही पद्धत निघाली आणि विंडोज 2000 बरोबर ती आमच्यासारख्यांच्या पोटापाण्याला लागली. नाव ग्रीकांच्या पाताळाच्या दारातल्या तीन डोक्यांच्या कुत्र्याचं. (आपल्या यमाकडेही दोन कुत्रे आहेत, ऋग्वेदात त्यांना चार-चार डोळे आहेत. हे मी ऑफिसात सांगितलं, कुणी हसलं नाही.) आपल्या लोकांना समजावायला बीएमएमचं अधिवेशन बरं. सकाळी रजिस्ट्रेशनच्या टेबलावर एकदा ओळख पटवली की गळ्यात बिल्ला येतो. मग जेवणाचं कूपन, नाटकाचं कूपन, सगळं बिल्ल्यावर. लायसन्स पुन्हा काढायला नको. कर्बेरॉसचा बिल्ला विंडोजमध्ये साधारण दहा तास चालतो. इंटरनेटवरच्या सेवांशी बोलायला सॅमल नावाची वेगळी बोली लागते, पण तत्त्व तेच.

एकोणीसपैकी पंधरा कुलुपं या एका किल्लीत बसली. तीन कंपन्या म्हणाल्या, सॅमल हवं तर वरचा महागडा प्लॅन घ्या. सुरक्षिततेचे वेगळे पैसे! मालकांनी नकार दिला. उरलेल्या एका म्हाताऱ्या प्रोग्रामला सॅमल म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. ती चार कुलुपं वहीतच राहिली.

मग 2024 चा मार्च. टॅक्सचा हंगाम, सोमवार, सकाळचे साडेआठ. आदल्या रात्री सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला होता, आणि त्याचं घड्याळ सात मिनिटं मागे पडलं होतं. कर्बेरॉसला पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक खपत नाही. त्याला वाटतं कुणी शिळं तिकीट पुढे करतंय. फायली उघडेनात, प्रिंटर ओळख देईना. चूक माझी. सर्व्हरनं वेळ कुठून घ्यायची, ते मी धड लावलंच नव्हतं. आणि मी टर्नपाइकवर ट्रॅफिकमध्ये! बाईंनी तिजोरीतलं बंद पाकीट फोडलं, त्यातला पासवर्ड स्वतःच टाइप केला आणि मी फोनवरून सांगत गेलो तसं घड्याळ लावलं. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. मालकांना म्हणाल्या, "सर्व्हर जरा झोपला होता."

पुढच्या वर्षी ते ऑफिस एका मोठ्या फर्मनं घेतलं. एका गुरुवारी पावणेचारला मालकांचा फोन आला. "चार वाजता तिला आत बोलावतोय. चारला तिचं सगळं बंद कर."

प्रत्येक गिऱ्हाइकाला हाच फायदा मी सर्वांत आधी सांगतो: माणूस गेला की एका जागी बंद केलं, सगळीकडे बंद. मालकांनाही सांगितला होता. बाई शेजारीच बसून टिपून घेत होत्या.

चार वाजता मी त्यांच्या नावासमोरची खूण काढली. एवढ्यानं भागत नाही, गळ्यातला बिल्ला काही वेळ चालतच राहतो. तो काढून घ्यायचं बटण वेगळं. तेही दाबलं. घरी चहा होईपर्यंत मी तिथेच बसून होतो. त्यांना फोन करावा असं दोनदा मनात आलं. केला नाही.

सोमवारी राहिलेल्या चार कुलुपांसाठी गेलो. बाई विचारल्याशिवाय काही सांगणार नाहीत, अशी मालकांना धास्ती होती. खण उघडला, वही जागेवर होती. चारही पासवर्ड त्यात होते, अगदी ताजे, पेन्सिलीनं. शेवटच्या पानावर प्लंबर, फोटोकॉपीवाला आणि माझा नंबर. माझ्या नंबरापुढे कंसात लिहिलं होतं, 'घड्याळवाला'.