थिबाचा राजवाडा

रत्नागिरीत रिक्षावाल्याला नुसतं 'थिबा पॅलेस' म्हटलं की पुरतं. चढ संपला की तांबडा तीन मजली वाडा समोर येतो. आत शिरल्यावर एका खिडकीच्या सागवानी चौकटीवर माझा हात थांबला. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा या लाकडापायीच तर इथे आला!

थिबा 1878 साली गादीवर बसला आणि पुढच्याच वर्षी राजधानी मंडालेत त्याच्या भाऊबंदांची कत्तल झाली. ते रक्त विसरून त्याच्यासाठी हळहळता येत नाही. पण राज्याची कोंडीही खरी होती. दक्षिण ब्रह्मदेश इंग्रजांनी आधीच गिळलेला, पूर्वेला टोंकिनमध्ये फ्रेंच पाय रोवत होते. एकाला थोपवायला दुसऱ्याचा हात धरावा, असं दरबाराला वाटलं. जानेवारी 1885मध्ये पॅरिसला तह झाला आणि फ्रेंच वकील हास मंडालेत येऊन बँक, रेल्वेच्या वाटाघाटी करू लागला. लंडन, कलकत्ता दोन्हीकडे खळबळ उडाली. निमित्त मुंबईच्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनचं मिळालं. सागाचे ओंडके कमी दाखवून महसूल बुडवला, असा ठपका ठेवून दरबाराने या कंपनीला 23 लाखांच्या घरात दंड ठोठावला होता. इंग्रजांचा निर्वाणीचा खलिता गेला. फ्रान्सने हासला माघारी बोलावलं. मला इंग्रजांइतकाच राग या फ्रेंचांचा येतो: भरवसा देऊन ऐन वेळी हात काढून घेतला. नोव्हेंबरात दोन आठवड्यांत मंडाले पडलं आणि 1 जानेवारी 1886ला राज्य खालसा झालं.

त्याच एप्रिलात राजाराणीला हद्दपार करून रत्नागिरीत आणलं. हा वाडा तयार झाला 1910 साली. तोवर चोवीस वर्षं गेली होती, आणि थिबाला उरली होती जेमतेम सहा.

थिबा पॉइंटवरून भाट्येची खाडी समुद्राला मिळताना दिसते. तिथे उभं राहून थिबाच्या देशाचा विचार आला. मोठ्या सत्तांची ओढाताण तिथे अजून चालूच आहे: आजच्या म्यानमारमध्ये चौक्फ्यू बंदरापासून चीनच्या तेल-वायूवाहिन्या निघतात, सित्वे बंदर भारताने उभारलंय. 2021च्या लष्करी उठावानंतर बंदुकांसमोर उभी राहिलेली तिथली पोरं आठवली, की या वाहिन्यांचे नकाशे बघवत नाहीत.

संध्याकाळी शिवाजीनगरातल्या समाधीपाशी गेलो. थिबा 1916च्या डिसेंबरात गेला. राणीला देह मायदेशी न्यायचा होता, इंग्रजांनी नेऊ दिला नाही. 1919 साली तो इथल्याच मातीत ठेवला. 2012मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन इथे येऊन गेले. समाधीच्या पायरीवर सुकलेली फुलं पडली होती. मी ती बाजूला सारली आणि पायरी हाताने पुसली.