बैल तेच, दमणी वेगळी : आलिशान मोटारींची वंशावळ

१/ अकोल्यातील एखादा कापूस व्यापारी किंवा अमरावतीतील एखादा डॉक्टर पहिली आलिशान मोटार घ्यायचे ठरवतो, तेव्हा त्याच्यासमोर एक तक्ता येतो. इंजिन किती सीसीचे, सनरूफ कोणत्या श्रेणीत, चामड्याची आसने कोणत्या श्रेणीत. त्या तक्त्यात एक रकाना मात्र नसतो : हे इंजिन मुळात कोणत्या घराण्याचे? हा धागा त्या गाळलेल्या रकान्याविषयी.

२/ वऱ्हाडाला हा प्रश्न नवा नाही. कापूस बाजारात न्यायला बंडी, आणि लेकीसुनांना, पाहुण्यांना आणायला दमणी. दमणी हलकी, वर छत, आत गादी. परंतु सामान्य कास्तकाराच्या गोठ्यात दोन्हींना जुंपायला जोडी बहुधा एकच असे. थाट दमणीचा, चाल बैलांची. जाणता माणूस छताआधी बैल पाही.

३/ मोटारींच्या काळात परवाना-पद्धतीने निवडच आखूड केली. ॲम्बेसेडर १४८९ सीसीची, फियाट (पुढची प्रीमियर पद्मिनी) १०८९ सीसीची. एकीत माणसे अधिक मावत, दुसरी पेट्रोल कमी पिई. दोन्ही गाड्या गावातला मिस्त्री उघडू शकत असे, आणि तीच त्यांची सर्वांत मोठी सोय होती. तुलना पाच मिनिटांत संपे; वाट पाहणे वर्षानुवर्षे चाले.

४/ १९८४-८५च्या सुमारास मात्र एकदम तीन ‘लक्झरी’ मोटारी आल्या : हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा, मुंबईच्या प्रीमियरची ११८ एनई आणि मद्रासची स्टँडर्ड २०००. तिघींची शरीरे परदेशी होती आणि मायदेशी त्यांचा काळ सरत आला होता किंवा सरला होता. कॉन्टेसा व्हॉक्सहॉलची, ११८ एनई फियाट १२४ची, तर स्टँडर्ड २००० रोव्हर एसडी१ची.

५/ आता बैल पाहू. कॉन्टेसाच्या लांबरुंद बॉनेटखाली ॲम्बेसेडरचेच १४८९ सीसी इंजिन होते. ११८ एनईत निसानचे ११७१ सीसी. नावातील ‘एनई’ त्याचीच खूण. स्टँडर्ड २००० तिघींत देखणी. तिची मूळ रोव्हर १९७७ची ‘युरोपियन कार ऑफ द इयर’ होती आणि तिच्या वरच्या श्रेणीत साडेतीन लिटरचे व्ही८ इंजिन असे. मद्रासमध्ये तिला मिळाले १९४०च्या दशकातल्या स्टँडर्ड व्हॅनगार्डच्या घराण्यातले जुने दोन लिटरचे इंजिन.

६/ निकाल काय लागला? सर्वांत देखणी गाडी सर्वांत आधी गेली. दशक संपण्यापूर्वीच स्टँडर्ड २०००चे उत्पादन थांबले. कॉन्टेसाला पुढे इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन मिळाले आणि तिला खरा दम आला. गाडी बाहेरून जवळपास तीच होती. बदलले होते ते बैल.

७/ तीस वर्षांनी चित्र उलटले. आता इंजिन उत्तम होते, पण तेच इंजिन दोन घरांत नांदू लागले. औरंगाबादजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात २०१३ पासून तिसऱ्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया जोडली जाऊ लागली आणि २०१४ मध्ये ऑडी ए३ सेडानही आली. दोघींचा पाया एकच, एमक्यूबी. १.८ लिटरचे, सुमारे १८० अश्वशक्तीचे पेट्रोल टर्बो इंजिनही एकाच कुळातले.

८/ किमतीत मात्र लाखोंचे अंतर. ते अंतर बिल्ल्याचे होते. आतील कारागिरीचे, शांततेचे आणि प्रतिष्ठेचेही होते. सामानाच्या जागेत मात्र स्वस्त गाडीच पुढे : ऑक्टाव्हियाची डिकी ५९० लिटर, ए३ची ४२५. लग्नसराईत अमरावतीहून अकोल्याला चार बॅगा आणि आहेराचे बोचके नेणाऱ्या घराला हा आकडा सनरूफपेक्षा महत्त्वाचा.

९/ हीच गोष्ट मर्सिडीजची. २०२१ मध्ये आलेल्या ए-क्लास लिमोझिनच्या ए२०० या रूपात १३३२ सीसीचे इंजिन आहे. ते डाइमलर आणि रेनॉ-निसान यांनी मिळून घडवले. त्याच कुळातले १.३ लिटरचे टर्बो इंजिन २०२० पासून भारतातील रेनॉ डस्टरमध्येही मिळत होते. म्हणून मर्सिडीज म्हणजे डस्टर नव्हे; गिअरबॉक्स, बांधणी, सुरक्षा, शांतता सारे निराळे. मात्र पैसे इंजिनाचे देतो आहोत की इतर गोष्टींचे, हे खरेदीदाराला ठाऊक हवे.

१०/ दुसरा गाळलेला रकाना रस्त्याचा. वऱ्हाडची काळी माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते, आणि तिच्यावरचा रस्ता सोबत भेगाळतो. अमरावती-अकोला महामार्ग वर्षानुवर्षे खड्ड्यांसाठीच प्रसिद्ध होता. त्यावर बुटक्या, पातळ टायरांच्या गाडीचे सारे ऐश्वर्य मूर्तिजापूर येईपर्यंत ओसरे. ३ ते ७ जून २०२२ या दिवसांत लोणी ते माना दरम्यान १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरची सलग डांबरी मार्गिका घातली गेली. गिनीजमध्ये तिची विक्रम म्हणून नोंद झाली. गाडी तीच राहिली, रस्ता बदलला आणि तुलनेचा निकालही बदलला.

११/ या भागात मोटारीचा पैसा अनेकदा कापसाच्या एखाद्या बऱ्या हंगामातून येतो, आणि तसा हंगाम दरवर्षी येत नाही. हप्ते मात्र दरमहा येतात. त्यामुळे चूक महाग पडते : बिल्ल्यासाठी दिलेल्या जादा लाखांत विहीर खोल करता आली असती, मुलीला पुण्याला शिकायला पाठवता आले असते.

१२/ हौस करू नये असे इतिहास सांगत नाही. दमणीही हौसच होती. तो एवढेच सुचवतो की तक्त्याला तीन रकाने हाताने जोडावेत : इंजिन कोणाचे, रस्ता कोणता, आणि बिघडल्यास दुरुस्तीला जायचे कुठे, इथेच की नागपूरला. हे तीन भरले की उरलेली तुलना सोपी होते. (समाप्त)