नजरेने बोलणारा रॉब

रग्बी लीग हा तेरा-तेरा गड्यांचा, अंगाला अंग भिडवणारा राकट खेळ. त्यात इंग्लंडच्या लीड्स संघाचा रॉब बरो अवघा पाच फूट पाच इंच उंच! तरीही 2001 ते 2017 या कारकिर्दीत त्याने याच एका संघाकडून 492 सामने खेळले आणि सुपर लीगची आठ अजिंक्यपदे मिळवली.

2019 च्या डिसेंबरात त्याला मोटर न्यूरॉन आजाराचे निदान झाले. स्नायूंना आज्ञा देणाऱ्या चेतापेशी झिजत गेल्या. हातपाय थांबले, वाचा गेली. मग तो पडद्यावरील अक्षरे नजरेने निवडी आणि पूर्वी मुद्रित केलेल्या त्याच्याच आवाजात संगणक बोले.

पक्षाघाताने माझ्या यजमानांची वाचा गेली, समज नाही. तरी भेटीस येणारी मंडळी त्यांच्यादेखत मलाच विचारतात, ‘यांना झोप लागते का?’ आपल्या घरीही असे घडत असेल, तर तो प्रश्न रुग्णाकडे वळवावा आणि उत्तराला हवा तेवढा वेळ द्यावा. खुणेने, नजरेने, कसेही येवो.

रॉब 2024 च्या जूनमध्ये गेला, अवघ्या 41 वर्षांचा. त्याच्या आदल्या वर्षी लीड्सच्या मॅरेथॉनमध्ये त्याचा जुना कर्णधार केव्हिन सिनफील्ड याने त्याची चाकांची खुर्ची 42 किलोमीटर ढकलली आणि अंतिम रेषेपाशी त्याला दोन्ही हातांवर उचलून पलीकडे नेले.